माती उपसण्याआधी : डहाणू-तलासरी आणि दगडी छिलक्यांचा इतिहास

१/
डहाणूचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा नाशिकच्या पांडवलेण्यांपासून केली जाते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात, त्याने ज्या नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नावांची सोय केली त्यांची यादी आहे. तापी, दमण यांच्यासोबत तीत ‘दाहनुका’ हेही नाव आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत डहाणूची खाडी वाहत्या मार्गावर होती, याचा हा लेखी पुरावा.

२/
परंतु लेखन ही माणसाची फार अलीकडची सवय आहे. तमिळनाडूतील अत्तिरम्पाक्कम येथे दगडी अवजारांचा पुरावा सुमारे पंधरा लाख वर्षे मागे जातो. त्या मापाने उषवदाताचा लेख म्हणजे कालची गोष्ट. त्याआधीच्या काळाचे दफ्तर कोणत्याही लेण्यात नाही. ते ओढ्याच्या काठावर, माळावर, मुरमाच्या थरात, दगडाच्या छिलक्यांच्या रूपाने पडलेले असते. त्यावर नाव नसते आणि तारीखही नसते.

३/
या धाग्याचे म्हणणे एकच आहे. डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत आज महामार्ग, लोहमार्ग आणि बंदर यांच्यासाठी माती अभूतपूर्व वेगाने हलवली जात आहे. ती हलवण्याआधी प्रशिक्षित माणसांनी ती जमीन पायी फिरून पाहणे आणि जे दिसेल त्याची जागेसह नोंद करणे बंधनकारक असले पाहिजे. प्रकल्प थांबवण्याची ही मागणी नाही. उपसण्याआधी पाहावे, एवढेच तिचे स्वरूप आहे. त्यामागची कारणे पुढे क्रमाने येतील.

४/
प्रथम हे ‘दफ्तर’ म्हणजे नेमके काय, ते पाहू. अश्मयुगीन माणसाने एखाद्या ठिकाणी बसून अवजार घडवले, तर तेथे तीन गोष्टी उरतात. ज्यावर घाव घातले तो गाभा, घावांनी सुटलेले छिलके आणि ज्या गोट्याने घाव घातले तो हातोडा-दगड. एका हातकुऱ्हाडीमागे लहानमोठे शेकडो छिलके पडतात. म्हणूनच अवजारनिर्मितीच्या तळावर तयार अवजारे थोडी आणि कचरा अमाप, असे दृश्य असते.

५/
निसर्गात फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड यांतला फरक अभ्यासाने ओळखता येतो. माणसाच्या घावाने सुटलेल्या छिलक्यावर आघाताची सपाट जागा असते. तिच्या खाली एक फुगवटा असतो आणि त्यापासून पुढे पाण्यावरच्या तरंगांसारख्या मंद लहरी पसरतात. गाभ्यावर याच खुणांचे उलटे ठसे उमटतात. एकाच दिशेने, विचारपूर्वक, एकामागून एक घातलेले घाव हे हाताचे काम असते. पुराच्या लोंढ्यात आपटणाऱ्या दगडांवर तशी शिस्त क्वचितच आढळते.

६/
महाराष्ट्रात कच्च्या मालाची वाण नव्हती. दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, हा लाव्हारसाचा. त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये पुढे कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर यांसारखे गुळगुळीत आणि काचेसारखे फुटणारे दगड तयार झाले. आरंभीच्या मोठ्या हातकुऱ्हाडी बेसॉल्ट-डोलेराइटच्या. नंतरच्या काळातली नखाएवढी सूक्ष्मास्त्रे कॅल्सेडनी, चर्ट, जॅस्परची. ही सूक्ष्मास्त्रे लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवून बाण, भाले, विळे तयार होत.

७/
आता मुख्य मुद्दा. संग्रहालयाला सुबक अवजार हवे असते, इतिहासाला मात्र कचरा अधिक उपयोगी पडतो. अवजार माणसाबरोबर फिरते. ते कोसभर दूर हरवते, झिजते, पुन्हा धार लावून घेतले जाते. छिलका जिथे पडला तिथेच राहतो. माणूस कोठे बसला होता, त्याने दगड कोठून आणला, काम येथेच पूर्ण केले की अर्धवट घडवलेला दगड सोबत नेला, ही सारी माहिती छिलक्यांच्या जागेत असते. छिलका उचलून खिशात टाकला की दगड हाती येतो, माहिती जाते.

८/
१९६४ साली फ्रान्समध्ये सीन नदीकाठी पँसव्हाँ येथे वाळू उपसताना हिमयुगाच्या अखेरचा एक तळ उघडा पडला. आंद्रे लरुआ-गुराँ यांनी तेथे खोल खड्डा घेतला नाही. त्यांनी तळाची संपूर्ण जमीन आडवी मोकळी केली आणि प्रत्येक तुकड्याची जागा नोंदली. चुली, त्यांच्याभोवतीचे बसण्याचे पट्टे, दगड फोडण्याची ठिकाणे यांचा नकाशाच तयार झाला. छिलके एकमेकांना पुन्हा जोडून मूळ दगड उभा करण्याची पद्धत अशाच तळांवर कसाला लागली.

९/
या पुनर्जोडणीतून विलक्षण गोष्टी कळतात. सगळे छिलके जोडल्यावर मध्ये एक पोकळी उरली, तर ती तेथून नेलेल्या अवजाराची असते. इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे, तेही एका वाळूच्या खाणीतच, सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीचे छिलके जसे पडले तसे सापडले. दगड घडवणारा कोठे बसला होता, हे तेथील छिलक्यांच्या ढिगांवरून सांगता येते. पाच लाख वर्षांपूर्वीच्या एका दुपारचे काम आज वाचता येते, कारण ते छिलके हलले नव्हते.

१०/
महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. १९५० च्या दशकापर्यंत भारतीय अश्मयुगाच्या मांडणीत एका टोकाला हातकुऱ्हाडी आणि दुसऱ्या टोकाला सूक्ष्मास्त्रे होती. मधला काळ धूसर होता. नेवाशाला प्रवरेच्या काठावर डॉ. ह. धी. सांकळिया यांना वरच्या वाळूगोट्यांच्या थरात छिलक्यांवर घडवलेल्या लहान अवजारांचा स्वतंत्र संच मिळाला. १९५६ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि भारतातील मध्य पुराश्मयुगाला आधार मिळाला.

११/
यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तशी छिलका-अवजारे पूर्वीही इतरत्र वेचली गेली होती. ती कोणत्या थरातून आली, हे निश्चित नसल्याने त्यांना काळाच्या शिडीवर पायरी मिळत नव्हती. नेवाशाने दिली ती पायरी. एक संपूर्ण कालखंड ओळखता आला तो सुंदर वस्तूमुळे नव्हे, सामान्य दिसणाऱ्या दगडांची जागा ठाऊक असल्यामुळे.

१२/
नेवाशाजवळच, चिरकी नाल्याकाठी, १९६६ ते १९६९ या काळात जर्मन संशोधक गुडरून कॉर्व्हिनुस यांनी हातकुऱ्हाडी-फरशींच्या काळातील स्थळाचे सविस्तर उत्खनन केले. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे डॉ. शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात उत्तर पुराश्मयुगाचे थर खणले. तेथे दगडी पात्यांसोबत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. कवचाच्या रेडिओकार्बन तारखेने तो काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. महाराष्ट्रात तेव्हा शहामृग होते, हेही त्यातूनच कळले.

१३/
आता घाट उतरून उत्तर कोकणात येऊ. येथील अश्मयुगाची पहिली पद्धतशीर ओळख करून दिली ती पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याने नव्हे, एका नौदल अधिकाऱ्याने. के. आर. यू. टॉड यांनी मुंबईभोवतीच्या टेकड्या, ओढे आणि किनारे पालथे घालून दगडी अवजारे जमवली. १९३२ साली त्यांचा पहिला लेख आला. १९३९ साली मुंबईच्या पुराश्मयुगीन अवजारांवर आणि १९५० साली ‘एन्शंट इंडिया’मध्ये सूक्ष्मास्त्रांवर त्यांनी लिहिले. या कामातले सर्वांत महत्त्वाचे स्थळ होते कांदिवली.

१४/
कांदिवलीला टॉड यांना एकावर एक थर दिसले. खालच्या थरांत जुनी, जड अवजारे. वर पाती आणि सर्वांत वर सूक्ष्मास्त्रे. एकाच ठिकाणी अश्मयुगाचा जवळजवळ संपूर्ण जिना. असे स्थळ पुन्हा पुन्हा तपासायला हवे असते. पहिल्या निरीक्षकाचे वाचन दुसऱ्याने पडताळावे, तिसऱ्याने नव्या पद्धतीने काळ मोजावा, हीच या शास्त्राची रीत. विशेषतः टॉड यांच्या काळी मातीच्या थराचे वय थेट मोजण्याची साधने नव्हती. आज ती आहेत.

१५/
पण आज त्या साधनांनी मोजायचे काय? १९५७ साली दहिसरपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली आणि पुढच्या काही दशकांत कांदिवली दाट वस्तीचे उपनगर झाले. टॉड यांचे लेख आहेत, त्यांनी वेचलेले दगडही आहेत. ज्या जमिनीने त्या दगडांना अर्थ दिला असता ती इमारतींखाली गेली. यात कोणी खलनायक नाही. कोणी मुद्दाम काही पुसले नाही. बांधण्याआधी पाहावे, असा नियमच नव्हता.

१६/
डहाणू-तलासरी आज कांदिवलीच्या त्याच वळणावर उभे आहेत. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वे, पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग, सगळे याच पट्ट्यातून जातात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्याचा खर्च ७६ हजार कोटींहून अधिक सांगितला जातो. या प्रत्येक कामाला भराव लागतो आणि भराव म्हणजे कुठल्या तरी टेकडीचा मुरूम.

१७/
मुरूम उचलला जातो तो वरकस जमिनींतून आणि टेकड्यांच्या उतारांवरून. भातखाचरांची माती पिढ्यान्‌पिढ्या नांगरली, बांधली, चिखलली गेली आहे. नागली-वरीच्या वरकस माळांवर आणि ओढ्यांच्या जुन्या काठांवर मात्र प्राचीन पृष्ठभाग टिकण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे शेतीच्या हिशेबात जी जमीन सर्वांत हलकी, ती अश्मयुगाच्या अभ्यासात सर्वांत मोलाची ठरू शकते. आणि यंत्र सर्वांत आधी तिच्यावरच चढते.

१८/
या भूभागाकडे विशेष लक्ष देण्याचे आणखी एक कारण समुद्रात आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अंदाजे १२० मीटर खाली होती. उत्तर कोकणासमोरचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे. त्यामुळे तेव्हाचा किनारा आजच्या डहाणूपासून फार दूर पश्चिमेस होता आणि मधे विस्तीर्ण मैदान होते. तलासरीच्या टेकड्या त्या मैदानाच्या पूर्वेच्या कडेला होत्या. ते मैदान हळूहळू पाण्याखाली गेले. त्या काळातल्या माणसाचा माग काढायचा, तर जमिनीवर उरली आहे ती ही कडाच.

१९/
बुडालेले मैदानही अगदी हाताबाहेर नसते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराच्या विस्तारात यांगत्झे गोदी रुंद करायची होती. २०११ साली, गाळ काढण्याआधी, सुमारे २० मीटर खोलीवरची माती नियोजनपूर्वक उचलून चाळली गेली. त्यातून मध्याश्मयुगीन माणसाच्या वावराचा पुरावा निघाला : चकमकीचे छिलके, जळलेली हाडे, मासळीचे अवशेष. बंदर झालेच. फक्त त्याआधी पाहणी झाली आणि तिचा खर्च प्रकल्पात धरला गेला. वाढवणच्या बाबतीत एवढी अपेक्षा करणे अवाजवी नाही.

२०/
आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा प्राचीन स्थळांना संरक्षण देतात. पण ते संरक्षण स्थळ घोषित झाल्यावर लागू होते आणि घोषित होण्यासाठी ते आधी कोणाला तरी दिसावे लागते. १८७८ चा निखात निधी कायदाही आहे. त्यात जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून अधिक मोलाची असेल, तर कळवणे बंधनकारक आहे. दगडाच्या छिलक्याला बाजारात दहा पैसेही येणार नाहीत. तो या सगळ्या जाळ्यांतून सहज निसटतो.

२१/
डहाणूच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक ठळक आहे. १९९१ साली हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. झाडे, खाजणे, बागायती, हवा यांचा विचार करणारी अशी यंत्रणा देशात फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली. जमिनीच्या वर जे आहे त्याची दखल घेण्याची परंपरा येथे आहे. तीच दृष्टी जमिनीच्या पहिल्या दोन-चार हातांपर्यंत खाली न्यायची आहे.

२२/
यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप जमिनीच्या मालकांचा असेल. राष्ट्रीय संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, हा २०१० साली कायद्यात आलेला नियम आहे. ज्याच्या नावावर दोन एकर वरकस आहे त्याने आपल्या माळावर ‘प्राचीन’ काही निघावे असे का इच्छावे? आणि हा तो मुलूख आहे, जेथे १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. हातात वही घेऊन जमीन पाहायला येणारा माणूस येथे पिढ्यान्‌पिढ्या काही तरी घेऊनच गेला आहे.

२३/
हा अविश्वास रास्त आहे. म्हणूनच मागणी संरक्षणाची नसून नोंदीची असावी. अवजारनिर्मितीच्या बहुतेक तळांना कुंपणाची गरज नसते. काही दिवसांचे काळजीपूर्वक काम, नकाशा, छायाचित्रे, थराचे नमुने, एवढे झाले तर जमीन मालकाकडे परत जाऊ शकते. एखादे स्थळ खरोखर असामान्य निघाले, तरच पुढचा विचार, आणि तोही ग्रामसभेसमोर. पालघरच्या आदिवासी गावांत ग्रामसभेला पेसा कायद्याने जे स्थान दिले आहे, ते येथे टाळता येणार नाही.

२४/
दुसरा आक्षेप वेळेचा. पण भूसंपादनाची मोजणी, झाडांची गणती, मातीची भारक्षमता तपासणी या सगळ्यांना वेळ दिला जातोच. पायी पाहणी त्याच महिन्यांत, त्याच आखणीवर, समांतर चालू शकते. उशीर होतो तो काम सुरू झाल्यावर अचानक काही निघाले तर. आधी पाहिलेले प्रकल्पाच्याही सोयीचे असते.

२५/
तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, सावधगिरी आहे. डहाणू-तलासरीत अश्मयुगाचा विषय निघाला की ‘येथील आदिवासी म्हणजे त्याच पाषाणयुगीन माणसाचे जिवंत रूप’ असे वाक्य कोणी तरी लिहितोच. वारली चित्रांची रेषा थेट प्रागैतिहासिक गुहाचित्रांना जोडली जाते. तशी अखंड साखळी दाखवणारा पुरावा नाही. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा हे समाज इतर सर्वांइतकेच आजच्या काळातले आहेत. त्यांना अश्मयुगात ढकलणे म्हणजे त्यांचा स्वतःचा, जंगलाचा, वेठीचा, लढ्याचा आणि कलेचा इतिहास हिरावून घेणे होय.

२६/
त्याऐवजी त्यांना या कामात अभ्यासकाचे स्थान द्यावे. माळावरचा कोणता दगड तेथला आणि कोणता बाहेरून आलेला, हे त्या माळावर गुरे चारणाऱ्याला विद्यार्थ्यापेक्षा आधी कळते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पे स्थानिक शोधकांच्या वर्षानुवर्षांच्या पायपिटीतून पुढे आली आणि २०२२ साली कोकणातील ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली. कातळशिल्प डोळ्यांत भरते म्हणून त्याला वाली मिळाला. छिलका डोळ्यांत भरत नाही. त्याच्यासाठी नियमच हवा.

२७/
तो नियम साधा असू शकतो. एक, आखणी ठरली की माती हलवण्याआधी पायी पाहणी, आणि ती केवळ रस्त्याच्या पट्ट्याची नव्हे, मुरूम जेथून उचलायचा त्या टेकड्यांचीही. दोन, सापडलेल्या प्रत्येक स्थळाचे अक्षांश-रेखांश, थर आणि छायाचित्रे सर्वांना पाहता येतील अशी नोंद. तीन, स्थानिक शिक्षक व युवक यांना प्रशिक्षण आणि मानधन. चार, काढलेले दगड जिल्ह्यातच ठेवण्याची सोय. राज्य पुरातत्त्व संचालनालय, मुंबई विद्यापीठ, पुण्याचे डेक्कन कॉलेज यांच्यापाशी लागणारे ज्ञान आहे.

२८/
पाहणीत काही ठिकाणी काहीच निघणार नाही. तीही नोंदच ठरेल, कारण माणूस कोठे थांबला नाही हे कळल्याशिवाय तो कोठे थांबला याला अर्थ येत नाही. काही ठिकाणी गोटाभर छिलके निघतील आणि त्यांच्यामुळे उत्तर कोकणाचा हरवलेला जिना पुन्हा एक-एक पायरी उभा राहील. टॉड यांनी जे केले, ते २०२० च्या दशकात विशाल सार्वजनिक प्रकल्पांच्या खर्चातून होऊ नये, याला कारण सापडत नाही. कांदिवलीच्या वेळी नियम नव्हता, असे म्हणता येते. डहाणू-तलासरीच्या बाबतीत पुढच्या पिढीला तसे सांगता येणार नाही.